लोहाराचा पोर आणि निर्मलचे पोलाद

मायकेल फॅरडे हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे तारेचे वेटोळे, लोहचुंबक आणि गरगर फिरणारा डायनामो उभा राहतो. क्रमिक पुस्तकांतून तो आपल्याला भेटतो तो विजेचा शास्त्रज्ञ म्हणून. पदार्थविज्ञानाच्या मंडळींनी त्याला केव्हाच आपल्या घरी नेऊन बसवले आहे. मी रसायनशास्त्राचा अध्यापक. म्हणून या अंकाच्या निमित्ताने आमच्या विषयाचा त्याच्यावरील हक्क सांगावा असे मनात आले. फॅरडे नोकरीला लागला तो रसायनशाळेतील मदतनीस म्हणून, त्याचे पहिले निबंध रसायनशास्त्रावरचे, आणि १८३३ साली तो प्राध्यापक झाला तोही रसायनशास्त्राचाच. धातू, काच, क्षार, वायू, सोन्याचे कण अशा वस्तूंना हात लावूनच तो शिकला. विजेकडे गेला तोही त्याच वाटेने.

त्याच्यावर लिहिण्याचे दुसरे कारण माझ्या गावाकडचे आहे. मी मूळचा आदिलाबादचा. तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी या चारही भाषा एकाच बाजारात कानावर पडतात असा आमचा मुलूख. नांदेडकडून किनवट ओलांडून गेलात की आमची हद्द लागते. आदिलाबादहून दक्षिणेला घाट उतरून गेले की निर्मल येते. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यातच होते, आता स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. निर्मल म्हटले की लोकांना रंगीत लाकडी खेळणी आणि चित्रे आठवतात. पण कोणे एके काळी या भागाची ख्याती पोलादासाठी होती, आणि ती इराणपर्यंत पोचली होती. फॅरडेने आपल्या उमेदीच्या वर्षांतले पहिले मोठे संशोधन ज्या हिंदी पोलादावर केले, त्याच जातीचे हे पोलाद. युरोपात त्याला वूट्झ म्हणत. आपल्या अंकाच्या कानडी विभागातील मित्रांना हे वाचून आनंद होईल की पोलादाला कानडीत जो उक्कु शब्द आहे, त्याचेच हे बिघडलेले रूप असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेलुगूतही पोलाद म्हणजे उक्कुच.

आता चरित्राकडे वळू.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स फॅरडे हे लोहार. उत्तरेकडील खेड्यातून पोटासाठी शहरात आलेले, आणि प्रकृतीने सदा अधू. ऐरणीवर रोज उभे राहणे त्यांना झेपत नसे, त्यामुळे घरात अन्नाची ओढाताण असे. १८०१ सालच्या महागाईत लहानग्या मायकेलच्या वाट्याला एक पाव यायचा आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागायचा, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढ्यावर त्याचे शिक्षण थांबले. गणित त्याला पुढे जन्मभर आले नाही.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढल्या वर्षी त्याच दुकानात पुस्तकबांधणीचे काम शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने उमेदवार झाला. रिबो भला माणूस होता. बांधणीला आलेली पुस्तके पोराने वाचली तर त्याची हरकत नसे. ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचे संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक फॅरडेने अशा रीतीने वाचले. नुसते वाचून तो थांबला नाही. चार पैशांत जमेल तेवढे सामान आणून पुस्तकातले प्रयोग तो करून पाही आणि लिहिलेले खरे ठरते की नाही याची खात्री करून घेई. छापलेल्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही ही सवय तेव्हापासूनची.

१८१० साली वडील वारले. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन टेटम नावाचे गृहस्थ विज्ञानावर व्याख्याने देत. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. ती शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि रॉबर्टही लोहारच होता. ऐरणीवर घाम गाळून मिळवलेल्या पैशातून फॅरडेचे विज्ञानशिक्षण सुरू झाले, हे माझ्या मनाला फार लागून राहते.

१८१२ साली दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचा रसायनशास्त्राचा सूर्य. सोडियम आणि पोटॅशियम हे धातू त्यानेच विजेच्या साह्याने प्रथम वेगळे केले होते. फॅरडेने व्याख्यानांची टिपणे घेतली, घरी बसून ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या आणि स्वतःच्या हाताने सुबक बांधणी करून तो ग्रंथ डेव्हीकडे पाठवून दिला. सोबत कामाची विनंती केली. काही महिन्यांनी तिथली मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि मार्च १८१३ मध्ये फॅरडे रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, राहायला माडीवरच्या दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि फॅरडेला सोबत घेऊन गेला. दीड वर्षाचा तो प्रवास हेच फॅरडेचे महाविद्यालय. डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले, तेही त्याने सोसले. फ्लॉरेन्स येथे १८१४ साली डेव्हीने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून प्राणवायूत हिरा जाळला. फॅरडे मदतीला होता. हिरा जळून गेला आणि मागे उरला तो कर्बवायू. झळाळणारा हिरा आणि काळाकुट्ट कोळसा यांचे मूळ एकच, कार्बन, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पोलादाच्या कथेत कार्बन पुन्हा येणार आहे. परत आल्यावर १८१६ साली त्याचा पहिला निबंध छापला गेला. तो तस्कनीतील एका चुन्याच्या पृथक्करणावर होता. अगदी साधे, असेंद्रिय रसायनशास्त्रातले काम.

आता पोलादाची हकीकत सांगायची तर थोडे मागे, आणि मुंबईला जावे लागेल. तिथे डॉ. हेलेनस स्कॉट नावाचे कंपनी सरकारचे एक वैद्य होते. त्यांनी १७९४ साली हिंदी पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. इंग्लंडमधील कारागिरांनी त्या पोलादापासून हत्यारे करून पाहिली आणि ते चकित झाले. इतकी कठीण आणि इतकी टिकाऊ धार तिकडच्या पोलादाला येत नव्हती. जेम्स स्टोडार्ट नावाचा लंडनचा नामांकित सुऱ्या-कात्र्यांचा कारागीर या वूट्झचा भक्तच बनला. पुढे हाच स्टोडार्ट फॅरडेच्या प्रयोगशाळेत आला आणि दोघांनी मिळून पोलादाचे गूढ उकलायला घेतले. एक वयस्क कारागीर आणि एक विशीतला रसायनज्ञ अशी ती जोडी होती.

फॅरडेने १८१९ साली वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात त्याला ॲल्युमिना आणि सिलिका यांचा अंश आढळला. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की या पोलादाचा गुण त्यातील ॲल्युमिनियमच्या अंशामुळे आहे. ॲल्युमिनियम धातू तोपर्यंत कोणी वेगळासुद्धा केलेला नव्हता! मग त्याने ॲल्युमिना वापरून एक मिश्रण तयार केले, ते चांगल्या पोलादात वितळवले, आणि मिळालेल्या धातूवर आम्ल चढवल्यावर वूट्झसारखी नक्षी उमटते असे दाखवले. निष्कर्ष सिद्ध झाला असे त्याला वाटले.

पण तो निष्कर्ष चूक होता. डेव्हिड मशेट याने काही वर्षे आधीच वूट्झमध्ये कार्बन अधिक आहे असे म्हटले होते. फॅरडेच्या निबंधाने चालना मिळून पॅरिसच्या टाकसाळीतील ब्रेआं याने शेकडो प्रयोग केले आणि १८२३ साली दाखवले की खरी किल्ली कार्बनच आहे. साध्या घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतोच. बिडात तो शेकडा तीन-चारच्या आसपास असतो, म्हणून बीड ठिसूळ. वूट्झमध्ये तो शेकडा एक ते दोन असतो. मुशीत वितळलेला असा धातू सावकाश निवू दिला की त्यात लोह आणि कार्बनचे कठीण संयुग वेगळे होते. पुढे बेताच्या उष्णतेवर ठोकताना त्याच्या रांगा लागतात आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. नक्षीतील कठीण भाग धार देतो, मऊ भाग पाते मोडू देत नाही. हे सगळे आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. २००६ साली तर जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांना सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्या. फॅरडेजवळ यातले एकही साधन नव्हते.

तरीही तो पुढे जात राहिला. पोलादात दुसरे धातू मिसळले तर काय होते हा प्रश्न त्याने आणि स्टोडार्टने पद्धतशीर हाती घेतला. चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल, क्रोमियम अशा एकेका धातूचे पोलाद करून पाहिले. धार अधिक चांगली व्हावी हा एक हेतू, आणि आरसे करण्याजोगा, न गंजणारा धातू मिळावा हा दुसरा. चांदी पोलादात फार थोडी मुरते, पाचशे भागांत एक भाग एवढीच, त्यापेक्षा अधिक घातली तर ती थेंबाथेंबाने बाहेर पडते, असेही त्यांना आढळले. हे काम १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध झाले. शेफील्डच्या एका कारखान्यात काही मिश्रधातू मोठ्या प्रमाणावर करूनही पाहिले गेले. ऱ्होडियमसारखे धातू महाग, त्यामुळे धंदा काही उभा राहिला नाही. १८२३ साली स्टोडार्ट वारला आणि फॅरडेने भट्टी थांबवली. जगाच्या दृष्टीने पाच वर्षांची मेहनत वाया गेली. मात्र त्याने सगळे नमुने नीट खुणा करून एका लाकडी पेटीत ठेवून दिले.

१८२१ साली दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये सारा बर्नार्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. सप्टेंबरमध्ये चुंबकाभोवती वीजवाहक तार फिरवून त्याने पहिली विद्युत् चलित्राची कल्पना प्रत्यक्षात उतरवली. त्यावरून श्रेयाचा वाद उठला आणि डेव्हीशी संबंध बिघडले. १८२३ साली त्याने क्लोरीन वायूचा द्रव करून दाखवला. हे काम बंद काचनळीतले, दाबाचे. नळ्या फुटत आणि एकदा काचेचे बरेच तुकडे त्याच्या डोळ्यांत गेले. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीवर त्याची निवड झाली, तेव्हा विरोध होता तो खुद्द डेव्हीचा. फॅरडेने मात्र गुरूविषयीचा आदर कधी सोडला नाही. १८२५ साली दिव्याच्या वायूपासून उरणाऱ्या तेलातून त्याने बेंझीन शोधले. एवढा एकच शोध दुसऱ्या कोणाच्या नावावर असता तरी त्याचे नाव आमच्या पुस्तकांत कायम राहिले असते.

त्यानंतरची काही वर्षे गेली काचेत. दुर्बिणींसाठी उत्तम काच इंग्लंडमध्ये होत नव्हती, जर्मनीतला फ्राउनहोफर त्यात फार पुढे होता. तेव्हा सरकारी समितीने हे काम फॅरडेवर सोपवले. शिसे, बोरिक आम्ल आणि सिलिका यांपासून त्याने जड काच बनवली, ती प्लॅटिनमच्या ताटल्यांत वितळवली. बुडबुडा नको, रेघ नको, म्हणून एकेका वडीवर किती सायास! भट्टी सांभाळायला चार्ल्स अँडरसन नावाचा तोफखान्यातला निवृत्त सार्जंट आला. फॅरडे एकदा त्याला घरी जा म्हणून सांगायचे विसरला तर त्याने रात्रभर भट्टी फुलती ठेवली, अशी एक गोष्ट सांगतात. हा अँडरसन पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, मरेपर्यंत फॅरडेचा एकमेव साहाय्यक राहिला. १८२९ साली काचेवरचा निबंध वाचला गेला, पण दुर्बिणींना त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. हेही काम पडले असेच लोक समजले. फॅरडेने काचेच्या वड्या कपाटात ठेवल्या.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. जनित्रे आणि रोहित्रे यांचे सारे जग त्यातून निघाले. तो भाग तुम्ही सविस्तर शिकता, म्हणून मी इथे थांबत नाही. पुढच्याच दोन-तीन वर्षांत तो वीज घेऊन पुन्हा रसायनशाळेत आला. क्षारांच्या द्रावणांतून आणि वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून त्याने विद्युत् विच्छेदनाचे नियम बसवले आणि केंब्रिजच्या व्ह्यूएलच्या सल्ल्याने इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ केले. याच काळात, १८३३ साली, सिल्व्हर सल्फाइड तापवल्यावर त्यातून वीज अधिक सहज वाहते असे त्याला दिसले. धातूंचे याच्या उलट असते, ते तापले की विरोध वाढतो. हे चमत्कारिक वर्तन त्याने टिपून ठेवले. आज अर्धसंवाहकांचा इतिहास लिहिणारे बहुधा याच नोंदीपासून प्रारंभ करतात.

१८४० च्या आसपास अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली. स्मरणशक्ती तर त्याला आधीपासून दगा देत असे. पण १८४५ च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा उभा राहिला. चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो काय हे तो पाहत होता. नाना पदार्थ घेतले, काही दिसेना. शेवटी कपाटातली ती जुनी जड काच बाहेर निघाली. चुंबकाच्या धुवांमधे ती वडी ठेवली, ध्रुवित प्रकाश तिच्यातून सोडला, आणि प्रकाशाची ध्रुवण-पातळी फिरली! प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध जगाला प्रथमच कळला. त्याच काचेने काही आठवड्यांनी त्याला प्रतिचुंबकत्वही दाखवले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी निकामी ठरलेली वस्तू अशी फळाला आली.

त्याचे शेवटचे मोठे रासायनिक काम सोन्यावरचे. पासष्टीत असताना त्याने सोन्याचे अतिपातळ वर्ख आणि सोन्याच्या क्षारापासून केलेली माणकासारखी लाल द्रावणे यांचा अभ्यास केला. १८५७ च्या व्याख्यानात त्याने सांगितले की हा लाल रंग द्रावणात तरंगणाऱ्या सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा आहे. कण दिसत नसले तरी प्रकाशाचा झोत टाकला की त्याची वाट उजळते, हेही त्याने पाहिले. ज्याला आज नॅनो-विज्ञान म्हणतात, त्याच्या उंबरठ्यावर तो त्या दिवशी उभा होता. त्याने केलेल्या सुवर्णद्रावणाच्या बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

मानमरातबाचा त्याला सोस नव्हता. सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. नाताळात मुलांसाठी मात्र तो उत्साहाने व्याख्याने देई. मेणबत्तीच्या रासायनिक इतिहासावरची त्याची व्याख्याने जगातील अनेक भाषांत गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे त्याचे निधन झाले.

त्याच्यामागे राहिली ती रोजनिशी. १८२० पासून १८६२ पर्यंतचे प्रयोग तिच्यात आहेत. १८३२ पासून त्याने प्रत्येक नोंदीला क्रमांक दिला आणि ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. जे साधले ते तिच्यात आहे, आणि जे फसले तेही त्याच तपशिलाने आहे. लहानपणी पुस्तके बांधणारा हा माणूस आपल्या स्मरणशक्तीवर विसंबला नाही, कागदावर विसंबला. पोलादाची ती पेटीही अशीच टिकली. सर रॉबर्ट हॅडफील्ड या पोलादतज्ज्ञाने तिच्यातील ७९ नमुन्यांचे पृथक्करण करून १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. फॅरडे हा मिश्रधातू पोलादाचा आद्य संशोधक होता हे शंभर वर्षांनी सिद्ध झाले, ते केवळ त्याने नमुने आणि नोंदी फेकून दिल्या नाहीत म्हणून.

इथे माझे मन पुन्हा गोदावरीकाठी जाते. फॅरडे लंडनमध्ये भट्टी पेटवत होता, साधारण त्याच काळात निजामाच्या राज्यात सर्वेक्षण खात्याचा भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसी हिंडत होता. निर्मलसमोर, गोदावरीच्या पलीकडे निजामाबादकडे कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथले पोलादाचे काम त्याने उभे राहून पाहिले. दोन ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळायचे, मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपायचे, भाते चालवून एक दिवस आणि एक रात्र आच द्यायची, मूस निवू द्यायची, मग मिळालेली वडी मातीत गुंडाळून पुन्हा पुन्हा भाजून नरम करायची, असे त्याने लिहिले. निर्मलजवळच्या दिमदुर्तीचे खनिज या कामासाठी नावाजलेले होते. इराणातल्या इस्फहानचा एक व्यापारी माल घेण्यासाठी तिथे येऊन राहिला होता आणि त्याच्या देशात हे पोलाद करण्याचे प्रयत्न फसले होते. व्हॉयसी १८२४ साली वारला, त्याचा वृत्तांत १८३२ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला.

या वृत्तांतात इस्फहानच्या व्यापाऱ्याचे नाव आहे. कोनासमुद्रमच्या कारागिरांचे नाव नाही. लोखंडाची प्रमाणे कोणी ठरवली, मूस तडकू नये म्हणून मातीत काय घालायचे हे कोणाच्या हाताला प्रथम सुचले, वडी भाजताना आच बेतात ठेवायची ही युक्ती कोणाची, याचा एक शब्दही त्या घरांतून कागदावर उतरला नाही. बापाने मुलाला दाखवले, मुलाने नातवाला. साखळी शाबूत होती तोवर ज्ञान शाबूत होते. पुढे विलायती पोलाद स्वस्त झाले, तलवारींचे दिवस संपले, कोळशासाठी जंगल मोकळे राहिले नाही, आणि भट्ट्या विझल्या. भट्टी विझली तेव्हा विद्याही विझली, कारण ती राहायला दुसरी जागाच नव्हती. ज्या गोष्टीचा फॅरडेने पाच वर्षे शोध घेतला आणि जी त्याला सापडली नाही, ती आमच्या कम्मरींच्या, म्हणजे लोहारांच्या, हातात होती. फॅरडेची चूक आज आपण तारीखवार वाचू शकतो, त्या कारागिरांचे यश मात्र वाचू शकत नाही.

कारागीर अडाणी होते असा याचा अर्थ कोणी करू नये. धंद्याचे गुपित राखणे हे त्यांच्या पोटाचे संरक्षण होते आणि लिहिण्या-वाचण्याची दारे त्यांच्यासाठी आपल्या समाजाने बंद ठेवली होती. लोहाराच्या पोराला लंडनमध्ये एक रिबो भेटला, पुस्तके भेटली, एक शिलिंगात व्याख्यान ऐकायला मिळाले. निर्मलच्या लोहाराच्या पोराला यातले काय मिळाले असते? हातातली करामत दोघांकडे सारखीच होती. फरक पडला तो अक्षरांचा.

अलीकडे अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले आहे. २०१० साली बेंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून जुन्या लोखंडाच्या आणि पोलादाच्या जागा नोंदवल्या. शेतात पडलेले लोहकिटाचे ढीग, फुटक्या मुशी, भात्याच्या नळ्या यांवरून ती विद्या पुन्हा जुळवण्याची खटपट चालू आहे. म्हणजे जे एका वहीत मावले असते, ते आता राखेतून शोधावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आमच्या प्रयोगशाळेत जर्नल नावाची एक वही असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती शेजाऱ्याच्या वहीवरून उतरवली जाते आणि सगळ्यांची निरीक्षणे एकमेकांशी दशांश चिन्हापर्यंत जुळतात. प्रयोग चुकला तर तेवढा आकडा खोडून पुस्तकातला घातला जातो. फॅरडेचे चरित्र वाचल्यावर हे करताना हात थोडा तरी अडखळावा एवढीच माझी अपेक्षा आहे. तुमच्या नळीत जो रंग आला तोच लिहा. साका बसला नाही तर बसला नाही असे लिहा, तारीख घाला.

आणि सुटीत गावी जाल तेव्हा आणखी एक करा. तुमच्या गावात लोहार, तांबट, कुंभार, रंगारी यांपैकी कोणी ना कोणी अजून म्हातारे माणूस असेल. त्याच्याजवळ बसा. पाते तापवून कोणत्या रंगावर पाणी द्यायचे, माती कोणत्या ओढ्याची आणायची, कोळसा कोणत्या लाकडाचा चांगला, हे त्याला विचारा आणि मराठीत, कानडीत, तेलुगूत, जी भाषा हाताशी असेल तीत लिहून काढा. वर त्याचे नाव लिहायला विसरू नका.